वाट, तर आणि बंदर : गणपतीपुळे–जयगड–संगमेश्वर खाडीपट्ट्यातील पायवाटांचा इतिहास

कोकणच्या इतिहासलेखनात किल्ले, बंदरे आणि देवस्थाने यांना मोठे स्थान मिळाले आहे. या तिहींना परस्परांशी जोडणाऱ्या वाटांना मात्र ते मिळालेले नाही. किल्ल्याची तटबंदी मोजता येते, देवस्थानाची सनद वाचता येते, बंदराच्या जकातीचे आकडे दप्तरात सापडतात. पायवाटेला ना तट, ना सनद, ना दप्तर. ती चालणाऱ्यांच्या पायांनी निर्माण होते आणि चालणे थांबले की दोन-तीन पावसाळ्यांत करवंदीच्या जाळीखाली नाहीशी होते. प्रस्तुत लेखात रत्नागिरी जिल्ह्यातील गणपतीपुळे, मालगुंड, जयगड आणि तेथून शास्त्री नदीच्या खाडीने संगमेश्वरापर्यंतचा पट्टा विचारात घेतला आहे. या पट्ट्यातील वाटांकडे ऐतिहासिक साधन म्हणून पाहता येईल काय, आणि येत असल्यास त्यांतून कोणता इतिहास हाती लागतो, हे तपासण्याचा येथे प्रयत्न आहे.

असा विचार नवा नाही. इंग्लंडमध्ये डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५५ साली ‘द मेकिंग ऑफ द इंग्लिश लँडस्केप’ या ग्रंथात शेताचे बांध, गल्ल्या आणि पायरस्ते यांचे कागदपत्रांइतक्याच गांभीर्याने वाचन केले. आपल्याकडे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी त्याच सुमारास पुणे, जुन्नर आणि कार्ले परिसरातील डोंगरवाटा पायांखाली घातल्या. मातृदेवतांची ठाणी जुन्या व्यापारी मार्गांच्या चौकांवर कशी आढळतात, हे त्यांनी ‘मिथ अँड रिअॅलिटी’ (१९६२) या ग्रंथात दाखवून दिले. कोसंबी मूळचे गोव्याचे, म्हणजे कोकणचेच. परंतु त्यांची ही पद्धत घाटमाथ्यावर जेवढी रुजली तेवढी खाली कोकणात रुजली नाही. येथील बहुसंख्य स्थानिक इतिहास अद्याप देवळापासून सुरू होतो आणि किल्ल्यापाशी संपतो.

प्रदक्षिणेची वाट

गणपतीपुळ्यापासून आरंभ करणे सोयीचे आहे, कारण येथील एक वाट स्वतःच पूजेचा विषय आहे. पुळ्याचा गणपती स्वयंभू आणि पश्चिमाभिमुख मानला जातो. ज्या टेकडीच्या पायथ्याशी मंदिर आहे ती टेकडीच गणेशस्वरूप असल्याची श्रद्धा असल्याने प्रदक्षिणा गाभाऱ्याभोवती न घालता संपूर्ण टेकडीभोवती घातली जाते. हा मार्ग सुमारे एक किलोमीटरचा आहे. ‘पुळे’ या नावाचा संबंध सामान्यतः ‘पुळण’ या शब्दाशी जोडला जातो. शेजारच्या भंडारपुळ्याच्या नावातही तोच घटक आहे. म्हणजे गावाचे नाव समुद्रकाठच्या वाळूवरून पडले आणि गावाची प्रतिष्ठा डोंगरावरून वाढली.

पेशवाईत या देवस्थानाला राजाश्रय लाभला. जवळच्या नेवरे गावचे गोविंद बल्लाळ खेर, म्हणजेच इतिहासात गोविंदपंत बुंदेले या नावाने ओळखले जाणारे सरदार, यांचे नाव या मंदिराच्या उभारणीशी परंपरेने जोडले जाते. उत्तरेत अब्दालीची रसद तोडण्याच्या कामी डिसेंबर १७६० मध्ये ते मारले गेले. नेवऱ्याहून बुंदेलखंडापर्यंत गेलेल्या या माणसाची पहिली वाटचाल पुळण आणि सडा यांवरूनच झाली असणार. परंतु आपल्या पाठ्यपुस्तकांत तो एकदम यमुनेच्या काठी अवतरतो.

प्रदक्षिणेची वाट आजही सुस्थितीत आहे. ती पवित्र असल्याने टिकली, हे उघड आहे. याच परिसरात रोजच्या उपयोगाच्या म्हणून तिच्याहून महत्त्वाच्या असलेल्या अनेक वाटांना असे पावित्र्याचे कवच नव्हते.

सडा, पाखाडी आणि खाडी

येथे एका मूलभूत प्रश्नाकडे वळावे लागते. इंग्लंडमधील नद्यांच्या काठाने मैलोन्मैल चालत जाता येते. टेम्स नदीकाठची वाट १९९६ साली राष्ट्रीय पदमार्ग म्हणून खुली झाली; तिचा मोठा भाग मुळात मालवाहू नौका दोराने ओढणाऱ्या घोड्यांसाठी आणि माणसांसाठी तयार झालेला होता. जुन्या खेड्यातील चर्च, पाणचक्की, पूल आणि नदीकाठची वाट हे तेथील लोकांच्या मनातील इतिहासाचे परिचित चित्र आहे. मग शास्त्रीच्या काठाने जयगडपासून संगमेश्वरापर्यंत सलग चालत जाणारी एकही प्राचीन वाट का नाही?

याचे उत्तर भूगोलात आणि नौकानयनाच्या रीतीत आहे. शास्त्री ही सह्याद्रीत उगम पावणारी अल्प लांबीची नदी. संगमेश्वराजवळ तिला सोनवी मिळते आणि त्यापुढे ती भरती-ओहोटीच्या प्रभावाखाली येऊन खाडीचे रूप घेते. खाडीत गलबते आणि मचवे भरतीबरोबर वर चढत आणि ओहोटीबरोबर खाली उतरत. वारा अनुकूल असल्यास शीड, नसल्यास वल्ही. दोराने नौका ओढण्याची गरजच नव्हती. गरज असती तरी काठावरील चिखल आणि कांदळवन यांनी ते होऊ दिले नसते. लांबचा प्रवास पाण्यानेच होत असल्याने खाडी हाच येथला राजमार्ग होता. जमिनीवरच्या वाटा तिला समांतर न जाता तिच्याकडे आडव्या उतरत. वर जांभ्याचा उघडा सडा, सड्यावरून उतरणारी जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी, पाखाडीच्या दोहो बाजूंस वाडी, वाडीखाली भातखाचरे, खाचरांपुढे खारबांध आणि बांधापलीकडे बंदराचा किंवा तरीचा धक्का. फणीला जसे दाते तशा या वाटा खाडीच्या दोन्ही तीरांना लागलेल्या दिसतात. काठाकाठाने चालण्याची जी थोडीबहुत सोय होती ती खारबांधांवरून, कारण समुद्राचे पाणी अडवून शेती राखणारा हा मातीचा बांध शेतकऱ्यास पायवाटही पुरवीत असे. पुढे १९४८ च्या खारजमीन कायद्याने आणि नंतर १९७९ च्या महाराष्ट्र कायद्याने या बांधांची जबाबदारी शासनाच्या चौकटीत आली. मात्र त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाची बांधकामे म्हणून पाहिले गेले. त्यांच्यावरून जाणाऱ्या वाटेची नोंद कोणी करावी, हा प्रश्न कायद्यापुढे नव्हताच.

सड्यावरच्या वाटांचे वय किती असावे, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत अनपेक्षितपणे महत्त्वाचा झाला आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ नंतर रत्नागिरी जिल्ह्याच्या सड्यांवर शेकडो कातळशिल्पे उजेडात आणली. काही अभ्यासक त्यांचा काळ दहा हजार वर्षांहून मागे नेतात. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू इत्यादी स्थळे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली. गणपतीपुळ्याहून फार दूर नसलेल्या चवे-देवूड येथेही अशी शिल्पे आहेत. ही शिल्पे सापडली ती मुख्यतः गुराख्यांना आणि वृद्ध ग्रामस्थांना विचारत, त्यांच्या पायवाटांनी फिरत. पुरातत्त्वाच्या सर्वेक्षणात जे निसटले होते ते गुरे चारणाऱ्यांच्या वाटेवर शतकानुशतके उघडे पडलेले होते. साधन म्हणून वाटेचे महत्त्व सिद्ध करण्यास याहून बोलके उदाहरण शोधण्याची आवश्यकता नाही.

जयगडचे मुख

शास्त्री जेथे समुद्रास मिळते तेथे दक्षिण तीरावर जयगड उभा आहे आणि समोर तवसाळच्या बाजूस विजयगडाचे अवशेष आहेत. हा किल्ला सोळाव्या शतकात विजापूरच्या अंमलाखाली बांधला गेला असे मानले जाते. पुढे तो संगमेश्वरच्या नाईकाकडे गेला आणि त्याच्याविरुद्ध १५८३ व १५८५ मध्ये पोर्तुगीज व विजापूरकर यांनी संयुक्त मोहिमा काढल्या. एका खाडीच्या नाईकासाठी दोन सत्तांनी दोनदा एकत्र यावे, यातच या मुखाचे मोल दिसते. १७१३ साली बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने झालेल्या तहानुसार जयगड कान्होजी आंग्र्यांकडे आला. आंग्र्यांचे दस्तक घेतल्याशिवाय या किनाऱ्यावरून नौका नेणे हे परकीय आणि देशी अशा दोन्ही व्यापाऱ्यांना जड जात असे. जून १८१८ मध्ये किल्ला विनालढाई इंग्रजांच्या हाती गेला.

या किल्ल्याशी जयबाची आख्यायिका जोडलेली आहे. बुरूज बांधला की ढासळे, म्हणून नरबळी द्यावयाचे ठरले आणि जयबा नावाच्या महार तरुणाने स्वतःस अर्पण केले; त्याच्या नावावरून जयगड, असे सांगतात. किल्ल्यात त्याचे स्थानही दाखविले जाते. अशा कथा महाराष्ट्रातील अनेक किल्ल्यांबाबत आढळतात आणि त्यांना अक्षरशः इतिहास मानण्याचे कारण नाही. परंतु ‘स्वतः होऊन अर्पण केले’ हा भाग अभ्यासकाने सहजासहजी स्वीकारू नये. वेठ आणि बळी यांना स्वेच्छेचे वस्त्र चढविणे ही सत्तेची जुनी रीत आहे. तटाचे दगड ज्या वाटेने वर गेले ती वाट कोणाच्या खांद्यांनी झिजली, याची स्मृती या कथेत कोठेतरी दडली असावी, एवढे म्हणता येते.

मुखापासून आत गेल्यावर खाडीकाठी खारवी, दालदी, भंडारी, कुणबी आणि कोकणी मुसलमान यांच्या वाड्या-मोहल्ले लागतात. एका तीरावरील शेतकऱ्याचे आप्त आणि बाजार दुसऱ्या तीरावर असत आणि हे दोन तीर तर जोडीत असे. ‘तर’ या एका शब्दात होडी, ती चालविण्याचा हक्क आणि उतरण्याची जागा या तिन्हींचा समावेश होतो. इंग्रजी राजवटीत १८६८ च्या मुंबई तरी कायद्याने सार्वजनिक तरींचे नियमन झाले, दर ठरले आणि मक्ते दिले जाऊ लागले. तेव्हा पाण्यावरील वाटेला कायद्याची ओळख प्रथम मिळाली, जमिनीवरील पायवाटेला तितकी स्पष्ट ओळख मिळाली नाही, असे या पट्ट्यापुरते म्हणावे लागते.

गाळ

संगमेश्वर हे खाडीच्या वरच्या टोकाचे गाव. कसब्यातील कर्णेश्वराचे मंदिर त्याच्या जुन्या वैभवाची साक्ष देते. घाटावरून येणारा माल बैलांच्या पाठीवरून येथे उतरे आणि येथून पाण्याने पुढे जाई. फेब्रुवारी १६८९ च्या आरंभी मुकर्रबखानाने कोल्हापूरकडून अवघड घाटवाटांनी वेगाने येऊन येथेच छत्रपती संभाजी महाराजांना कैद केले. या घटनेची चर्चा फितुरी कोणाची या एका प्रश्नाभोवती फिरत राहिली आहे. त्या प्रश्नाचे महत्त्व नाकारता येत नाही. तथापि जी वाट सैन्याच्या हालचालीस अशक्य समजली जात होती ती खानास कोणी दाखविली आणि बैलांच्या तांड्यांस ती पूर्वीपासून परिचित होती काय, हे प्रश्नही तितकेच विचारणीय आहेत.

जेम्स कॅम्बेल यांनी संपादिलेल्या १८८० च्या रत्नागिरी गॅझेटिअरमध्ये या खाडीविषयी एक महत्त्वाची नोंद आहे. पूर्वी मोठी गलबते थेट संगमेश्वराच्या धक्क्यास लागत. गॅझेटिअरच्या काळी मात्र ती सुमारे सहा मैल खाली, फुणगूसपर्यंतच येऊ शकत. कारण गाळ. एका-दोन पिढ्यांत एक बंदर खाडीने सोडून दिले. कोणत्याही लढाईपेक्षा या घटनेचा येथील सामान्य माणसाच्या आयुष्यावर अधिक परिणाम झाला असणे संभवनीय आहे. परंतु ती हळूहळू घडल्यामुळे तिला तारीख नाही, आणि तारीख नसल्यामुळे तिला इतिहासात जागा नाही.

हा गाळ आला कोठून? येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तोही चार महिन्यांत. उताराची माती धरून ठेवणारे रान तुटले की ती खाडीत येते. रान का तुटले, हे पाहू गेल्यास आपण खोतीच्या प्रश्नापाशी येऊन पोहोचतो. भातशेतीची सखल जमीन थोडी आणि ती बहुतांशी खोतांच्या ताब्यात. कुळास उरे ती वरकस जमीन, म्हणजे उताराची. तेथे झाडोरा तोडून, राब भाजून नाचणी-वरीचे पीक दोन-तीन वर्षे काढावयाचे आणि जमीन थकली की पुढच्या उतारावर जावयाचे. भाताचा अर्धा वाटा आणि वरकस पिकाचा तिसरा हिस्सा, म्हणजे अर्धेल व तिर्धेल, खोताच्या घरी जाई. डोक्यावर भारे घेऊन पाखाडीने चढणारी कुळे आणि पावसाळ्यात त्याच पाखाडीने लाल होऊन उतरणारे पाणी यांचा संबंध असा थेट आहे. खाडी बुजली ती केवळ निसर्गक्रमाने नव्हे. त्यामागे जमिनीच्या मालकीचीही वाटणी होती, असा प्रस्तुत लेखकाचा अभिप्राय आहे.

१८८० च्या खोती कायद्याने खोतांच्या हक्कांची चौकट निश्चित केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. त्या मोर्चातील कोकणच्या शेतकऱ्यांचा प्रवास कोणत्या पाखाडीवरून आणि कोणत्या बंदरावरून झाला, याच्या आठवणी संकलित करण्याचे काम राहून गेले. खोती संपुष्टात आणणारा कायदा १९४९ मध्ये झाला.

चाकरमान्यांची वाट

बंदरे मागे सरकली तरी माणसे निघतच राहिली. १८८१ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या घरात होती आणि त्यांपैकी सव्वा लाखाच्या आसपास लोकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यात झालेला होता. गावची पाखाडी, मग होडी, मग खोल पाण्यात उभी असलेली आगबोट हा या माणसांचा मार्ग. जयगड हे आगबोटींच्या थांब्यांपैकी एक. पावसाळ्यात ही वाहतूक बंद पडे आणि नारळी पौर्णिमेनंतर हंगाम सुरू होई. गावी राहिलेल्या स्त्रियांच्या दृष्टीने बंदराकडे जाणारी वाट ही माणूस नेणारी आणि मनिऑर्डर आणणारी वाट होती.

मालगुंडचे केशवसुत, म्हणजे कृष्णाजी केशव दामले (१८६६–१९०५), हेही या बाहेर पडणाऱ्यांपैकीच. वडील शिक्षक, पुढे ते दापोली तालुक्यातील वळणे येथे विश्वनाथ नारायण मंडलिकांच्या खोतीची व्यवस्था पाहू लागले. आधुनिक मराठी कवितेच्या प्रवर्तकाचे बालपण असे खोतीच्या हिशेबांच्या सावलीत गेले, ही बाब त्यांच्या सामाजिक कवितांच्या अभ्यासात अधिक गांभीर्याने घ्यावयास हवी. शिक्षण आणि नोकरी यांच्या निमित्ताने ते बडोदे, नागपूर, पुणे, मुंबई, खानदेश, धारवाड असे फिरत राहिले आणि हुबळीस निवर्तले. ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’ ही त्यांची कविता दूरदेशी राहून मायभूमीकडून येणाऱ्या वाऱ्यास उद्देशून आहे. कोकण मराठी साहित्य परिषदेच्या पुढाकाराने मालगुंड येथे उभे राहिलेले स्मारक १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते खुले झाले. गणपतीपुळ्याहून तेथे चालत सहज जाता येते. बहुसंख्य पर्यटक मात्र गाडीने जातात आणि मधली वस्ती त्यांना दिसत नाही.

नकाशावरील तुटक रेषा

गेल्या काही दशकांत या पट्ट्याचे दळणवळण पूर्णतः पालटले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण सुरू झाली, महामार्ग रुंदावला, आरे-वारेचा सागरी रस्ता झाला, जयगडला २००९ पासून आधुनिक बंदर आणि त्यालगत औष्णिक वीजप्रकल्प आला. हे सर्व अनावश्यक होते असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पाखाडीवरून आजाऱ्यास डोलीत घालून नेणाऱ्यांना रस्त्याची किंमत विचारावी. परंतु रस्ता झाला म्हणून वाट नाहीशी व्हावयास हवी, असेही नाही. आज सड्यावरची जमीन विकली जाते, भोवती चिऱ्याचा गडगा पडतो, फाटक लागते आणि देवराईकडे, पाणवठ्याकडे किंवा स्मशानाकडे जाणारी वाट एका सकाळी बंद होते.

कायदा काय म्हणतो? गावनकाशावर पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखविलेला असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ नुसार शेतास जाण्यासाठी बांधावरून वाट मागता येते. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ नुसार अडविलेली वाट मोकळी करून मागता येते, मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षांच्या अखंड वापराची अट आहे. या तरतुदींचा भर मुख्यतः शेतकऱ्याच्या किंवा लगतच्या मालकाच्या हक्कावर आहे. ज्याची तेथे जमीन नाही, जो केवळ पिढ्यानपिढ्या चालत आला आहे, अशा गुराख्याला, मासळी विकणाऱ्या स्त्रीला किंवा माहेरवाशिणीला त्यांचा फारसा आधार नाही. शिवाय चाकरमानी गावी येतो गणपतीत आणि शिमग्याला. वाट नोव्हेंबरात बंद झाली तर ती बंद झाल्याचे त्यास कळेपर्यंत मुदतीचा मोठा भाग निघून गेलेला असतो.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न संघर्षातूनच सुटला, हे ध्यानात घ्यावे. एप्रिल १९३२ मध्ये किंडर स्काउटच्या माळावर कामगारांनी जाणूनबुजून प्रवेश केला आणि त्यांपैकी काहींना तुरुंगवास घडला. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक कौंटीस सार्वजनिक पायरस्त्यांचा अधिकृत नकाशा तयार करणे बंधनकारक झाले. आज ज्या रम्य नदीकाठच्या वाटांची छायाचित्रे आपण पाहतो त्यांच्यामागे वृद्धांच्या साक्षी, जुने नकाशे आणि ग्रामसभांचे ठराव यांचे कंटाळवाणे पण चिवट काम आहे.

हे काम आपल्याकडील महाविद्यालयांस अशक्य नाही. भूमी अभिलेख कार्यालयातील गावनकाशा घ्यावा, त्यावरील तुटक रेषा चालून पाहाव्यात, कोणती वाट चालू आहे आणि कोणती बुजली याची खूण करावी, वाटेचे गावातील नाव लिहून घ्यावे आणि ते नाव सांगणाऱ्याचे वयही नोंदवावे. इतिहास, भूगोल, मराठी आणि वनस्पतिशास्त्र या विभागांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र मिळून करावयाचा हा उपक्रम आहे. नावे सांगणारी पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे, आणि मक्त्याची तर चालविलेले तांडेल त्याहून थोडे उरले असतील.

जयगड आणि तवसाळ यांच्या दरम्यान आज फेरीबोट चालते. तिच्यावर मोटारी, दुचाकी आणि एखाददुसरा मालट्रक चढतो. त्यांच्या मधल्या जागेत डोईवर टोपली घेतलेली एखादी बाई उभी असते. खाडी काही मिनिटांत ओलांडली जाते. पलीकडच्या धक्क्यावर गाड्या रांगेने वर निघून जातात, आणि चालणाऱ्यास त्याच रस्त्याच्या कडेने, धुळीतून, चढ चढावा लागतो.